खुणेचा कोंबडा

लोणावळ्याच्या शाळेत नोकरी लागली आणि खोली भाड्याने हवी म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्या ओसरीवर गेले, तेव्हा त्यांनी मला जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, की एकटी बाई घरी किती वाजता परतणार हेही विचारलं नाही. चष्म्याच्या वरून बघत त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही लिहिता का?"

मी म्हटलं, "घरी पत्रं लिहिते."

"कविता?"

"नाही."

"गोष्टी? शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नाटुकली वगैरे?"

"नाही हो."

"नक्की?"

"अगदी नक्की."

"मग सामान आणा," ते म्हणाले आणि आत वळून काकूंना चहा टाकायला सांगितलं.

मला वाटलं, आधीच्या एखाद्या भाडेकरूने शाईने भिंती रंगवल्या असतील. खरं कारण कळायला महिना गेला. आमचे घरमालक चित्रपट लिहीत होते. नुसती कथा नव्हे, पटकथा. कोण कुठून येतो, कुठे उभा राहतो, काय बोलतो, इथपर्यंत सगळं. आणि ती कुणीतरी चोरेल या धास्तीने त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. अख्खा लोणावळा त्यांना अण्णा म्हणायचा, म्हणून मीही अण्णाच म्हणते.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात काढली होती. चिक्कीचे डबे, करवंदांच्या पाट्या, बंगलेवाल्यांच्या गाद्या, एकदा तर पिंजऱ्यातला पोपट, असं सगळं त्यांच्या हातून पुढे गेलेलं. त्या नोकरीने त्यांना मनुष्यस्वभावाबद्दल एक ठाम मत दिलं होतं. "बाई, बंद पार्सल दिसलं की माणसाच्या बोटांना खाज सुटते. साधू असला तरी एकदा हलवून बघतोच." दुसरं एक वाक्य ते उठताबसता म्हणत, "खूण नाही तो माल बेवारस."

लिहायला ते भुशीकडे जात. धरणाच्या मागच्या बाजूला कातळात एक बसायची जागा त्यांनी हेरून ठेवली होती. तिथे मांडीवर फळी घेऊन लिहीत. सहलीची मंडळी जवळ आली की छत्री उघडून कागदांवर धरायचे, स्वतः भिजले तरी चालेल. घरी आल्यावर टीपकागद बंबात टाकायचे. टीपकागदावर अक्षरं उलटी उमटतात, ती आरशात धरली की सरळ वाचता येतात, हे त्यांनी मला एखादं राज्य उलथवायचं गुपित सांगावं तसं सांगितलं. त्यामुळे आमच्याकडे अंघोळीचं पाणी बरेचदा पटकथेवर तापे. रद्दीवाल्याला फाटकाच्या आत पाऊल टाकायची बंदी होती. टंकलेखन करून घ्या असं मी एकदा सुचवलं, तर म्हणाले, "टंकलेखक काय डोळे मिटून टंकतो?"

काकूंनाही त्यातलं अक्षर माहीत नव्हतं. भाजी निवडता निवडता त्या म्हणायच्या, "इतकी वर्षं संसार केला, पण यांच्या हिरोचं नाव मला ठाऊक नाही. हिरॉइन आहे की नाही तेही ठाऊक नाही. असली तर स्वयंपाक येणारी असू दे बाई, नाहीतर तिचाही मलाच करावा लागायचा."

त्या पटकथेपायी अण्णा काय मागत होते? तर पडद्यावर सुरुवातीला नावं येतात, त्यात एक ओळ. आपलं नाव, मोठ्या अक्षरात, चार माणसांना वाचता येईल इतका वेळ. बाकी मानधन वगैरे त्यांच्या डोक्यातही नव्हतं. "आयुष्यभर दुसऱ्यांची नावं पार्सलांवर लिहिली," असं एकदाच म्हणाले, आणि लगेच बोलून चुकल्यासारखं करून बागेतल्या जास्वंदीला पाणी घालायला गेले.

वडगावच्या कोर्टात त्यांचा एक शाळासोबती वकील होता. अण्णांनी त्याला इतके प्रश्न विचारून बेजार केलं होतं की अण्णा दिसले की तो फायली काखोटीला मारून दुसऱ्या दाराने निघायचा. एकदा रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला. पंगतीतून पळता येत नाही हे अण्णांना माहीत होतं.

"हे बघ," वकील भात कालवत म्हणाले, "कल्पनेवर कुणाचाच हक्क नसतो. गरीब मुलगा, श्रीमंत मुलगी, हे काही कुणाच्या बापाचं नाही. हक्क असतो तो मांडणीवर. तू तुझ्या शब्दांत कागदावर जे उतरवलंस ते तुझं. लिहिलंस त्या क्षणापासून तुझं. शिक्का नको, काही नको. पण उद्या कुणी ढापलं तर आधी तू लिहिलं होतंस हे सिद्ध तूच करायचंस. म्हणून म्हणतो, दिल्लीला नोंदणी करून टाक. एक प्रत पाठवावी लागते."

"प्रत?" अण्णांचा हात ताटातच थांबला. "म्हणजे तिथला कारकून वाचणार."

"वाचेना का!"

"आणि त्याचा मेहुणा सिनेमात असला तर?"

यावर कायद्यात तरतूद नव्हती. मग वकिलांनी दुसरा उपाय सांगितला. बाड पाकिटात घालून लाखेने बंद करायचं, स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर करायचं आणि आलं की न फोडता ठेवून द्यायचं. पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख असते, तोच पुरावा. अण्णांना हे पसंत पडलं. पाकीट गेलं, पाकीट आलं. अण्णांनी ते हातावर तोललं. पार्सलवाल्याचा हात तो. त्यांना ते हलकं वाटलं. काकू म्हणाल्या, मनाचे खेळ आहेत. मी म्हटलं, लाख शाबूत आहे. दुपारच्या चहापर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला, मग फोडलं. पानं सगळी होती, फक्त पुरावा गेला होता. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठवलं आणि पुन्हा फोडलं. "आता पोस्टमनला पाटच मांडून ठेवते," काकू म्हणाल्या, तेव्हा कुठे तो उपाय बंद झाला.

खरा उपाय त्यांना शेजारच्या हळदीकुंकवात सापडला. म्हणजे सापडला काकूंना. काकूंचा एक पितळी डबा कधीतरी लाडू घालून कुठेतरी गेला होता, तो परत आलाच नव्हता. शेजारणीकडे तसाच एक डबा दिसला. त्यावरचं नाव घासून गेलेलं. काकूंनी काही न बोलता झाकण उघडून आतल्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हा आमचा." तिथे एक बारीकशी चांदणी ठोकलेली होती. नाव घालणाऱ्याकडून काकू प्रत्येक भांड्यावर बाहेर नाव आणि आत चांदणी घालून घेत. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं आणि अण्णा खुर्चीतून उठलेच. बाहेरचं नाव घासून जातं, आतली खूण राहते! ते तीन दिवस भुशीला जाऊन बसले.

परत आले ते चेहरा उजळून. पटकथेतली ही एकच गोष्ट त्यांनी मला सांगितली, तीही मी साक्षीदार व्हावं म्हणून.

"दर चार-पाच प्रसंगांनंतर एक म्हातारी येते. 'माझा कोंबडा बघितला का?' असं विचारते आणि जाते. लग्न लागतंय, तिथे भटजीला विचारते. खटला चाललाय, तिथे न्यायाधीशाला विचारते. नायक मरायला टेकलाय, त्यालाही विचारते. कोण लहान, कोण मोठा, तिला काही नाही. सगळ्यांना त्याच सुरात."

"आणि कोंबडा?"

"सापडत नाही. त्या म्हातारीचा गोष्टीशी काडीचा संबंध नाही."

"मग ती आहे कशाला?"

"खूण! असला आचरटपणा दुसऱ्या कुणाला सुचेल का? चोरणारा सगळंच उचलणार. कामाचं कुठलं, बिनकामाचं कुठलं, त्याला काय कळतंय? पडद्यावर म्हातारी आली की समजायचं, चोर सापडला."

मला हे फार आवडलं. "हे सुचलं कुठून?" मी विचारलं.

"डोक्यातून," अण्णा म्हणाले आणि जास्वंदीकडे बघायला लागले.

पुढच्याच उन्हाळ्यात योग आला. मुंबईची सिनेमावाली मंडळी कथा जुळवायला लोणावळ्याच्या बंगल्यांत येऊन राहत. पत्ते, चहा, कांदाभजी आणि मधूनमधून कथा. तुंगार्लीच्या वाटेवरच्या एका बंगल्यात मराठी चित्रपटाचे निर्माते आणि दिग्दर्शक उतरले होते. बंगल्याचा माळी अण्णांच्या ओळखीचा. त्याने शब्द टाकला आणि बोलावणं आलं, या, ऐकवा.

अण्णा मला म्हणाले, "साक्षीदार म्हणून तुम्ही चला. पण ऐकू नका."

"न ऐकता साक्ष कशी देऊ?"

"मी ऐकवलं एवढं बघा. काय ऐकवलं ते नको." आणि त्यांनी काकूंच्या वातींच्या कापसातले दोन बोळे माझ्या हातावर ठेवले. फाटकाबाहेर पडल्याबरोबर मी एका कानातला बोळा काढून टाकला. माझी साक्ष पुढे कामी आली तर ती निदान अर्धी तरी खरी असावी, असा माझा विचार होता.

त्या दुपारचं कथाकथन मी जन्मात विसरणार नाही. अण्णांनी बाड छातीशी धरलं होतं, उघडलंच नाही. तोंडी सुरुवात केली. "एक गाव आहे. गावाचं नाव आत्ता सांगत नाही. तिथे एक तरुण येतो. का येतो, ते पुढे कळेल."

"कधी कळेल?" दिग्दर्शकांनी विचारलं.

"करार झाल्यावर. तर त्याला एक मुलगी भेटते. ती त्याला असं एक वाक्य बोलते की तो जागच्या जागी खिळतो."

"काय बोलते?"

"तेच तर वाक्य आहे!" अण्णा म्हणाले. "ते कसं सांगू? इतक्यात तिथे एक म्हातारी येते आणि विचारते, 'माझा कोंबडा बघितला का?'"

निर्माते पत्ते पिसत होते, त्यांचा हात थांबला. "काय विचारते?"

अण्णांनी पुन्हा सांगितलं. खुणेला लपवाछपवीची गरज नव्हती, उलट ती त्यांना नीट दिसायला हवी होती. म्हणून म्हातारी आली की अण्णा उभे राहत, कंबर वाकवत, पदर सावरल्यासारखं करत आणि अगदी तिच्या सुरात विचारत. मग बसत आणि पुन्हा सुरू, "यानंतर एक भयंकर घटना घडते, जिच्याविषयी मी आज बोलणार नाही." तासभर असं चाललं. त्या खोलीत पूर्ण ऐकायला मिळाली ती एकटी म्हातारी. दिग्दर्शक हसून हसून गादीवर आडवे झाले. शेवटी निर्मात्यांनी अण्णांना फाटकापर्यंत पोचवलं, कळवतो म्हणाले, आणि पुढे काही कळवलं नाही.

वर्ष-दीड वर्षाने चित्रपट आला. लोणावळ्याच्या टॉकीजला लागला त्या पहिल्या संध्याकाळी अण्णा, काकू आणि मी हजर. दोन भाऊ, देवळाची जमीन, दुष्ट पाटील, असं काहीतरी होतं. अण्णा खुर्चीच्या कडेवर बसलेले. पाटील गरजत होता आणि तेवढ्यात पडद्याच्या एका कडेने वाकलेली म्हातारी आत आली. "माझा कोंबडा बघितला का?"

थिएटर हसून कोसळलं. अण्णा ताडकन उभे राहिले आणि ओरडले, "सापडला! सापडला!"

मागून कोणीतरी म्हणालं, "कोंबडा सापडला का अण्णा? मग खाली बसा आता."

ते बसले. डोळे चमकत होते. आता माझं गाव येईल, आता तो तरुण येईल, आता ती ते वाक्य बोलेल, म्हणून ते पुढे सरकत होते. म्हातारी पुन्हा आली, लग्नात आली, कोर्टात आली. पण गाव आलं नाही, तरुण आला नाही, वाक्य आलं नाही. दिवे लागले तेव्हा काकूंनी भाबडेपणाने विचारलं, "एवढंच होतं का हो तुमचं?"

दुसऱ्या दिवशी वडगाव. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, आणि पहिल्यांदाच पळून न जाता नीट उत्तर दिलं. "अण्णा, जगात असा चोर झाला नसेल. त्याने माल जागच्या जागी ठेवला आणि कुलूप घेऊन गेला."

"पण कुलूप माझं ना?"

"तुझं. बाई साक्षीला आहेत. दावा उभा राहील. म्हातारी ही तुझी स्वतंत्र निर्मिती आहे, दुसऱ्या कुणाची नाही, एवढं शपथेवर सांगशील?"

"सांगीन की," अण्णा म्हणाले. आवाज मात्र जरा खाली होता.

तोवर म्हातारीने महाराष्ट्र गाजवायला घेतला होता. मी वर्गात गृहपाठाच्या वह्या मागितल्या की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "माझा कोंबडा बघितला का?" भाजीवाला सुटे देताना तेच म्हणायचा. अण्णा प्रत्येक वेळी दुखावल्यासारखे आणि सुखावल्यासारखे दोन्ही दिसत.

आणि एका सकाळी अंगणात अंडीवाली मावशी येऊन उभी राहिली. टाकवे बुद्रुकच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत तिची वाडी. आठवड्याला कान्ह्याहून गाडी धरून ती लोणावळ्याला अंडी विकायला येई. आमच्याकडेही द्यायची. त्या दिवशी तिने पाटी खाली ठेवली नाही.

"अण्णा, तुमी शानं मानूस. पन ही गोस्ट काय बरी न्हाई केली."

"काय झालं मावशी?"

"आमच्या तितं तंबूतला शिनुमा आलाय. पोरं मला घिऊन गेली. समदी मला बगून हसाय लागली. म्हनं मावशी, तू शिनुमात कदी गेलती?" तिने पदर खोचला. "तुमी पार्सलात व्हता तवा ठेसनात माजी कोंबडी सुटली व्हती. मी समद्यास्नी इचारत फिरले. इंजानवाल्याला इचारलं, सायबाला इचारलं, लग्नाच्या वऱ्हाडाला इचारलं. तुमी खिडकीतनं बगून हसत व्हता. हसत व्हता का न्हाई?"

मी अण्णांकडे पाहिलं. ते जास्वंदीकडे पाहत होते.

"हसत होतो," ते म्हणाले.

"मंग? ते मुंबैवाले माज्या वाडीवर कदी आलते? तुमीच दिली मला त्यास्नी. इचारलं व्हतं मला?"

ज्या माणसाने टीपकागदसुद्धा चोरापासून वाचवला, तो स्वतःच्या अंगणात उभा राहून घामाघूम झाला होता. काकू दारात आल्या, पण मध्ये पडल्या नाहीत. त्यांना मजा वाटत असावी.

अण्णांनी एकच बचाव केला. "पण मावशी, तुझी कोंबडी होती. कोंबडा मी केला. तेवढं माझं आहे."

"आन तेच चुकलंय!" मावशी उसळली. "कोंबडा हुडकीत कोन फिरंल इतकं? गेला तर गेला. माजी अंड्यावरची कोंबडी व्हती, म्हनून जीव तुटत व्हता. तुमी कोंबडा केला आन मला येडी ठरिवली. समदी वाडी म्हनती, मावशी कोंबड्यासाटी येडी झालती."

तिचं दुःख हे होतं. सिनेमात गेल्याचं नव्हे. वेडी ठरल्याचं. ऐकल्यावर मी हसू गिळलं, कारण ती खरं बोलत होती.

"मग मी काय करू?" अण्णांनी विचारलं.

"तितं या. समद्यांम्होरं सांगा."

रविवारी आम्ही तिघं टाकव्याला गेलो. भाताची काढणी होऊन खाचरं मोकळी झाली होती, त्यातल्या एका खाचरात तंबू होता. पुरुष एकीकडे, बाया एकीकडे, मध्ये दोरी. मावशीने तंबूवाल्याला आधीच गाठलं होतं आणि अख्खी वाडी तिच्या बाजूने होती, त्यामुळे त्याची मशीन सुरू करायची छाती झाली नाही. अण्णा पुढे गेले आणि पांढऱ्या पडद्यासमोर उभे राहिले. पेट्रोमॅक्सच्या उजेडात त्यांची सावली पडद्यावर पडली होती. इतकी वर्षं पडद्यावर आपलं नाव यावं म्हणून झुरलेला माणूस, आणि पडद्यापाशी पोचला तो दुसऱ्याचं नाव सांगायला. मला त्या क्षणी ते फार मोठे वाटले, आणि फार बिचारेही.

"मंडळी," अण्णा म्हणाले, "या सिनेमात कोंबडा शोधणारी म्हातारी आहे. ती कुणी डोक्यातून काढलेली नाही. ती म्हणजे ह्या आपल्या मावशी. लोणावळा स्टेशनात त्यांचा कोंबडा..."

"कोंबडी!" बायांच्या बाजूने आवाज आला.

"त्यांची कोंबडी हरवली होती."

"अंड्यावरची!"

"अंड्यावरची कोंबडी हरवली होती. मावशी वेड्या नव्हत्या. कोंबडा ही चूक आहे आणि ती चूक माझी आहे."

शिट्ट्या पडल्या. पुरुषांतून कोणीतरी ओरडलं, "आन तुमी कोन वो?"

मला वाटलं, आता सांगतील. लेखक म्हणतील, निदान स्वतःचं नाव तरी घेतील.

"मी पार्सलवाला," ते म्हणाले. "माल यांचा. मी नुसता पुढे धाडला."

सिनेमा सुरू झाला. म्हातारी पडद्यावर आली की सगळी वाडी मागे वळून मावशीकडे बघायची आणि मावशी मान ताठ करून बसायची. "आता तिची मजा बगा," असं ती शेजारणीला सांगताना मी ऐकलं.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "मग दाव्याचं काय?"

"कोर्टात गेलो तर निकाल मावशीच्या बाजूने लागेल," अण्णा म्हणाले. काकू हसल्या, मीही हसले. कामशेत गेल्यावर अण्णा हळूच म्हणाले, "त्याचं काही नाही बाई. पण माझ्या गोष्टीत चोरण्यासारखं त्यांना काहीच दिसलं नाही."

"अण्णा, तुम्ही गोष्ट सांगितलीत कुठे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा मुद्दा त्यांच्या कधी लक्षातच आला नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी ओसरीवर वह्या तपासत बसले होते. अण्णा आले आणि त्यांनी ते बाड माझ्यासमोर ठेवलं. दोन्ही हातांनी ठेवलं आणि हात लगेच काढला नाही.

"वाचा," ते म्हणाले. "चोरावंसं वाटेल असं काही सापडलं तर मला सांगा."

मी दोन दिवस शाळेतून रजा घेऊन वाचलं. खरं सांगायचं तर त्यातल्या बऱ्याचशा भागाला चोरांपासून काहीच धोका नव्हता. वादळं होती, जुळे भाऊ होते, कड्यावरून उड्या होत्या. पण मधेच एक प्रसंग होता. तो सांगते, आता हरकत घ्यायला कुणी उरलेलं नाही.

स्टेशनातला एक कारकून आणि त्याची बायको यांचं भांडण झालेलं असतं, बोलणं बंद असतं. ती दुपारचा डबा घेऊन येते, पण त्याच्या हातात देत नाही. चारचौघांसारखी रांगेत उभी राहते आणि खिडकीशी आल्यावर डबा पार्सल म्हणून पुढे सरकवते. तोही हट्टी. पावतीपुस्तक उघडून विचारतो, "पाठवणाऱ्याचं नाव?" ती सांगते. "घेणाऱ्याचं नाव?" ती गप्प. नवऱ्याचं नाव ती कधी तोंडाने घेत नाही. मागे रांग ताटकळली आहे, हमाल कुरकुरतोय. "नावाशिवाय पार्सल घेता येत नाही, नियम आहे." ती मान खाली घालून उभी राहते. आणि मग उखाणा नाही, लाजणं नाही, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं त्याचं नाव घेते. कारकून लिहायला लागतो आणि त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही.

बाड परत द्यायला गेले तेव्हा अण्णा दारातच उभे होते. बहुतेक सकाळपासून उभे असावेत.

"सापडलं काही?"

"एक सापडलं," मी म्हटलं, आणि कुठलं ते सांगितलं.

"खरंच चोरावासा वाटला?"

"उचलून पळून जावंसं वाटलं."

अण्णांचा चेहरा असा फुलला की त्या टॉकीजमध्ये म्हातारी आली तेव्हाही फुलला नव्हता. "मग आणा इकडे ते," ते म्हणाले आणि बाड माझ्या हातातून हिसकावून घेतलं. आत काकू फोडणी देत होत्या. अण्णांनी एकदा तिकडे पाहिलं, माझ्या कानाशी वाकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "आणि हिला यातलं काही बोलू नका. परवानगी घेतलेली नाही."